जहाज बंदरात असेपर्यंत

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी कॅरिबियन समुद्रातली क्रूझ केली. हे साखर कारखान्यात केमिस्ट होते, मी शाळेत इतिहास शिकवला. सान हुआनहून निघून सेंट थॉमस, सेंट किट्स, अँटिग्वा, सेंट लुसिया, बार्बेडोस आणि परत सान हुआन असा मार्ग होता. आल्यापासून ओळखीची माणसं विचारतात, आपल्याला झेपेल का, बरोबर काय न्यायचं, पैसे वसूल होतात का. त्यांना फोनवर जे सांगते तेच इथे लिहिते आहे. माझं मत आधी सांगून टाकते. जहाजावरचं सुख पैसे भरले की मिळतं आणि ते भरपूर असतं. बेटं मात्र अभ्यास करून गेलात तरच भेटतात, आणि एकेका बेटावर हातात जेमतेम आठ-नऊ तास असतात.

१. आधी मार्ग ठरवा, जहाज नंतर

जाहिरातीत जहाजावरचे तरणतलाव आणि नाटकगृहं दिसतात. आम्ही नकाशा पुढ्यात घेऊन बसलो. मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलहून निघालात तर दक्षिणेकडची बेटं लांब पडतात, त्यामुळे आठवड्यातले दोन-तीन दिवस नुसत्या पाण्यात जातात. सान हुआन पोर्तो रिकोत आहे. तिथून बेटांची साखळी जवळच सुरू होते, म्हणून जहाज रात्री चालतं आणि जवळपास रोज सकाळी नवं बेट समोर असतं. ज्यांना निवांत पडून राहायचं आहे त्यांनी खुशाल फ्लोरिडातून निघावं. बेटं पाहायची असतील तर सान हुआन.

पोर्तो रिको हा अमेरिकेचाच प्रदेश असल्यानं भारतीय पासपोर्टवाल्यांना अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि जहाज बाहेर जाऊन परत येत असल्यानं तो मल्टिपल एंट्रीचा हवा. बाकी प्रत्येक बेटाचे नियम वेगळे आहेत. ते तिकीट काढण्याआधी कंपनीकडून लेखी मागून घ्या. हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात आणि सप्टेंबरच्या आसपास त्याचा जोर असतो. आम्ही फेब्रुवारीत गेलो. हवा कोरडी होती, वारा सतत होता आणि ऊन सोसवणारं होतं.

२. एक दिवस आधी पोचा

विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. शिवाय जुनं सान हुआन पाहण्यासारखं आहे. निळसर दगडांची फरसबंदी, समुद्रावर नाक काढून बसलेला एल मोरो किल्ला. जहाजावर चढताना मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, चष्मा, कागदपत्रं आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवा.

३. केबिन मधली आणि खालची घ्या

मला आंबोली घाटातसुद्धा गाडी लागते, त्यामुळे हा प्रश्न आमच्यासाठी मोठा होता. जहाज लाटेवर पुढे-मागे झुलतं तेव्हा टोकं सर्वांत जास्त वरखाली होतात, मधला भाग कमी. बाजूंना डोलणंही वरच्या मजल्यांवर जास्त जाणवतं. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते बाजूचं डोलणं पुष्कळ आवरतात, पुढे-मागे झुलणं मात्र त्यांनी थांबत नाही. आम्ही जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची, बाल्कनी नसलेली खिडकीची केबिन घेतली. ती स्वस्तही पडली. डॉक्टरांना विचारून गोळ्या नेल्या आणि त्या त्रास होण्याआधीच घेतल्या. बरं वाटेनासं झालं की आत झोपून राहू नये. डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत बसावं, लवकर उतार पडतो.

४. जेवणाचं पहिल्याच संध्याकाळी सांगा

आम्ही दोघं शाकाहारी. उपाशी राहावं लागेल का, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. नाही राहावं लागत. बुकिंग करतानाच शाकाहारी असल्याचं नोंदवा आणि पहिल्या रात्री जेवणाच्या हॉलमधल्या हेड वेटरला भेटा. दुसऱ्या दिवशी काय खाल ते तो आदल्या रात्री विचारून ठेवतो.

आमच्या टेबलाचा वेटर गोव्याचा निघाला, काणकोणकडचा. आम्ही आपसात बोललेलं त्यानं ऐकलं आणि एकदम मराठीत म्हणाला, “काकू, उद्या डाळ-भात करायला सांगू काय? फोडणी घालून?” गोव्यातली आणि आपल्या कोकणातली कितीतरी मुलं जहाजांवर असतात. सलग सात-आठ महिन्यांचा करार, आठवड्याची अशी सुट्टी नाही, दोघांत एक छोटी खोली. त्याची मुलगी चालायला लागली तेव्हा हा समुद्रावर होता. हे त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. ह्यांनी विचारलं म्हणून सांगितलं.

म्हणून एक आग्रहानं सांगते. बिलात दर माणशी दर दिवशी ग्रॅच्युइटी लावलेली असते. काउंटरवर जाऊन ती काढून घेता येते, आणि काही प्रवासी काढतातही. कृपा करून काढू नका. त्या माणसांच्या कमाईचा तो मोठा भाग असतो.

बुफेच्या दारात हात धुवायला सांगतात तेव्हा साबणानंच धुवा. जहाजांवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही.

५. वेळ पाळा

परतायची वेळ केबिनच्या कार्डावर नव्हे, रोजच्या पत्रकात छापलेली असते. तिचा फोटो काढून ठेवा. सान हुआनपासून बार्बेडोसपर्यंत एकच घड्याळ चालतं, त्यामुळे आम्हाला अडचण आली नाही. फ्लोरिडातून हिवाळ्यात निघालात तर या बेटांवर घड्याळ तासभर पुढे असतं आणि जहाज कधी आपली जुनीच वेळ धरून ठेवतं. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज वाट बघतं. स्वतः टॅक्सी केली असेल तर नाही बघत. आम्ही बहुतेक ठिकाणी टॅक्सीच केली आणि परतायच्या वेळेच्या दोन तास आधी बंदरात येत गेलो.

६. एका बेटावर एकच गोष्ट बघा

अर्ध्या दिवसात किनारा, किल्ला, बाजार आणि धबधबा असं सगळं दाखवणाऱ्या सहली असतात. आम्ही एकही घेतली नाही. ह्यांचं आयुष्य साखरेत गेलेलं, आणि या बेटांचा सगळा इतिहास साखरेतून निघालेला. मग ठरवलं की ऊसच शोधायचा.

सेंट किट्सला एक अरुंद रूळमार्ग आहे. शेतातला ऊस बासटेरच्या कारखान्यात नेण्यासाठी १९१२ नंतर तो बांधला. साडेतीनशे वर्षं चाललेला तिथला साखर धंदा २००५ साली बंद झाला, आणि आता त्याच रुळांवरून आमच्यासारखे प्रवासी फिरतात. दोन्ही बाजूंना उसाचं रान माजलेलं. कोणी लावत नाही, कोणी तोडत नाही. हे खिडकीशी उभे राहून ते बघत होते. गळिताचा हंगाम नसलेला ऊस त्यांनी कधी पाहिला नव्हता.

अँटिग्वात बेटीज होप नावाची जागा आहे. सेंट जॉन्सच्या बंदरापासून टॅक्सीनं अर्ध्या तासाच्या आसपास. १६५० च्या सुमाराला सुरू झालेला उसाचा मळा, पुढे १६७४ पासून १९४४ पर्यंत कॉड्रिंग्टन कुटुंबाकडे. तिथे दगडी पवनचक्क्यांची जोडी आहे, त्यातली एक दुरुस्त करून उभी केली आहे. ईशान्येकडून बारमाही वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांवर ती फिरायची आणि आतले उभे लाट ऊस पिळायचे. रस पन्हाळीतून उकळीघरात जायचा आणि तिथे एका तांब्याच्या कढईतून दुसरीत असा आटत जायचा. आपल्या गुऱ्हाळातला चरक, काहिल आणि चुलाण डोळ्यांपुढे आणा, मांडणी लगेच कळेल.

मळ्यातच गिरणी का, हे ह्यांनी मला तिथे उभं राहून समजावलं. ऊस तोडला की त्यातली साखर कमी व्हायला लागते. लांब नेत बसलं तर उतारा पडतो, म्हणून तोडणी आणि गाळप जवळजवळ हवं आणि हंगामात रात्रंदिवस हवं. कोल्हापुरात ते शेतकऱ्यांना हेच सांगत आले. इथे त्या रात्रपाळीत गुलाम होते, आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं. लाटांमध्ये ऊस सारणाऱ्याचा डोळा लागला तर हात आत ओढला जायचा, म्हणून शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असायची, असं त्या काळाबद्दल लिहून ठेवलेलं आहे. हे वाचलेलं मला माहीत होतं. त्या लाटांसमोर ते पुन्हा आठवलं तेव्हा दोघंही बराच वेळ बोललो नाही.

ब्रिटिशांच्या वसाहतींत १ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामी कायद्यानं संपली. बहुतेक बेटांवर माणसांना पुढची काही वर्षं ‘उमेदवार’ म्हणून त्याच मळ्यांत राबवलं. अँटिग्वात ही अट ठेवली नाही, तिथे त्या दिवसापासूनच पूर्ण मोकळीक मिळाली. मग अनेक मळेवाल्यांनी मजूर आणायला हिंदुस्थानकडे तोंड वळवलं. सेंट लुसियात १८५९ साली आपल्याकडचे गिरमिटिये उतरले. कॅस्ट्रीजच्या बाजारात आम्ही बटाटा आणि चणे घातलेली रोटी खाल्ली. विकणाऱ्या बाईंना तिची वाट कुठून आली ते ठाऊक होतं. “माझ्या आजीची आजी जहाजातून आली,” असं त्या म्हणाल्या, गावाचं नाव मात्र घरात कोणालाच आठवत नाही. अशा गप्पांना सहलीच्या वेळापत्रकात जागा नसते. दोन पायऱ्यांवर बसून अर्धा तास घालवायची तयारी ठेवावी लागते.

७. एक दुपार वेगवेगळे फिरा

बार्बेडोसला आम्ही मुद्दाम वेगळे झालो. उसाच्या रसाची साखर झाल्यावर उरते ती मळी, आणि मळीची रम. माउंट गे ही तिथली रम, १७०३ सालच्या दस्तऐवजावर तिचा उगम सांगतात. ह्यांना मळी आंबवायची जुनी पद्धत ऐकायची होती. मला दारूच्या कोठाराचं काही नव्हतं. मला केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान बघायचं होतं.

आमच्या घरात क्रिकेट माझ्या वडिलांमुळे आलं. १९७१ ची वाडेकरांच्या संघाची वेस्ट इंडिजमधली मालिका त्यांनी रेडिओवरच्या बातम्यांतून आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून जगली. गावसकरांच्या चार कसोट्यांतल्या ७७४ धावा आणि मडगावच्या दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावा मला पाढ्यांसारख्या पाठ होत्या. केन्सिंग्टन ओव्हलवर सरदेसाईंनी १५० केल्या आणि गावसकरांनी दुसऱ्या डावात नाबाद ११७. आणि १९६२ साली तिथेच नरी कॉन्ट्रॅक्टरांच्या डोक्याला ग्रिफिथचा चेंडू लागला. त्यांना रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. २९ जून २०२४ ला भारतानं टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला तोही इथेच. मला सोडणारा टॅक्सीवाला माझ्याच वयाचा होता. वॉरेलचं नाव काढल्यावर त्यानं गाडी हळू केली आणि पैसे सांगितल्यापेक्षा कमी घेतले.

संध्याकाळी जेवताना दोघांकडे सांगायला वेगळं होतं. इतकी वर्षं बरोबर राहिल्यावर हे फार सुखाचं असतं. जोडप्यानं प्रवासात चोवीस तास एकमेकांना धरून राहावं, असं कुठे आहे?

(बार्बेडोसमध्ये लष्करी छापाचे, हिरवट-तपकिरी डागांचे कपडे घालायला कायद्यानं बंदी आहे. नातवाची अशी टोपी उसनी नेऊ नका.)

८. फुटकळ, पण उपयोगी

जहाज सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर टाका, समुद्रावरचं रोमिंग फार महाग आहे. खोलीचा हिशेब रोज रात्री बघा. जहाजावर दवाखाना असतो, पण त्याचं बिल आपलंच, म्हणून प्रवासविमा हवाच. सेंट थॉमसला जाणार असाल तर सनस्क्रीनच्या बाटलीवरची नावं वाचा. प्रवाळाला अपाय करणाऱ्या ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन यांवर तिथे २०२० पासून बंदी आहे. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख त्याहून सोयीचा, आणि आपल्या बायकांना त्यात मोकळंही वाटतं. पोहायचं तर बेटांच्या पश्चिमेकडे. पूर्वेला वारा आणि अटलांटिकच्या लाटा असतात.

९. जे राहिलं ते वेगळं ठरवा

आमच्या मार्गात त्रिनिदाद नव्हतं. ३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ जहाजातून तिथे पहिले गिरमिटिये उतरले आणि १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार माणसं तिकडे गेली. आज ३० मे हा तिथे सुट्टीचा दिवस असतो. आठ तासांत उरकायचं ते बेट नव्हे. ह्यांनी बंद पडलेल्या साखर कारखान्यांची माहिती जमवायला घेतली आहे, मी पोर्ट ऑफ स्पेनमधली राहायची ठिकाणं बघते आहे. या वेळी विमानानं जाऊ आणि ३० मे तिथेच असू.