मेगर मारताना

उज्जैनच्या सिंहस्थाचं काम घेतलंस, चांगलं केलंस. 2028ला अजून वेळ आहे म्हणून बसून राहू नकोस. मंडपांच्या केबली आणि पाण्याच्या मोटारी शेवटी एकदमच अंगावर येतात. मग जो तो मेगर मारतो, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजतो, आकडा वहीत लिहितो आणि पुढे पळतो.

बाळ, बटण सोडायची घाई नको. दाबल्या दाबल्या जातो तो करंट केबल चार्ज होण्याचा, तो लगेच संपतो. मागोमाग प्लास्टिकमधले रेणू विजेच्या दिशेला वळत राहतात, त्याला मिनिटं लागतात. हा हळूहळू ओसरणारा करंट पिएर क्युरीच्या थोरल्या भावाने, जाकने, 1889 मध्येच स्फटिकांवर मोजला होता. आपल्या लायनीत त्याचं नाव कोणी घेत नाही. या दोन्हींच्या खाली उरते ती खरी गळती. म्हणून मोठ्या मोटारीचा एक मिनिटाचा आणि दहा मिनिटांचा आकडा घे, दुसऱ्याला पहिल्याने भाग. दोनच्या वर आलं तर वाइंडिंग कोरडं. एकाच्या आसपास घुटमळलं तर ओल नाहीतर घाण. मात्र आकडाच पाच हजार मेगोह्मच्या वर असेल तर भागाकाराच्या नादी लागू नकोस. आणि बोअरच्या पाणी भरलेल्या सबमर्सिबलला हा हिशोब लावूच नकोस. तिचं वाइंडिंग पाण्यातच बसलेलं असतं.

तापमान लिहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो, इन्सुलेशनचं उलटं. वाइंडिंग दहा डिग्रीने तापलं की आकडा साधारण निम्मा. पॉलिथिनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे धावत नाहीत. जागोजाग अडकतात, उष्णतेचा धक्का मिळाला की पुढे सरकतात. शाही स्नानाची गर्दी बॅरिकेड उघडलं की चार पावलं सरकते ना, तसं. पीव्हीसीत तर मिसळलेल्या पदार्थांतले आयनही सरकतात, म्हणून तेवढ्याच लांबीची पीव्हीसी केबल पॉलिथिनच्या एक्सएलपीई केबलपेक्षा कमी आकडा दाखवते. ती खराब ठरवून टाकू नकोस. लांबीही बघ: केबल दुप्पट लांब, तर आकडा निम्मा.

टोकं कोरड्या फडक्याने पुसून घे. 5 मे 2016ला सिंहस्थाच्या मेळ्यात वादळ-पाऊस झाला, मंडप कोसळले. असा पाऊस पडून गेला की आधीच्या नोंदी विसरायच्या, सगळं नव्याने तपासायचं. टोकावरच्या ओलीतून पळणारा करंट गार्डच्या तारेने बाजूला काढ, म्हणजे आतलं इन्सुलेशन कसं आहे ते कळेल.

मेगर काढला की केबलला हात लावायचा नाही. जेवढा वेळ व्होल्टेज दिलं त्याच्या चौपट वेळ ती अर्थला बांधून ठेव. क्षणभर शॉर्ट करून सोडलीस तर आत अडकलेला चार्ज हळूहळू पुन्हा वर येतो आणि मोकळ्या टोकाला व्होल्टेज उभं राहतं. पोरं ‘भिया, हो गया?’ म्हणून घाई करतील. करू देत. अर्थची तार तू स्वतःच्या हाताने सोडव.