स्थौल्यचिकित्सेत अखंड धान्य की डबाबंद ‘डाएट’ आहार? – एक विचार

प्रास्ताविक

वजन कमी करण्यासाठी चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांची संख्या आता हिंगोली, वसमत, कळमनुरीसारख्या गावांतूनही वाढली आहे. औषध कोणते द्यावे याचा आपण पुष्कळ विचार करतो. परंतु ‘जेवण कमी करा’ असे सांगितल्यावर रुग्ण त्या जेवणाच्या जागी नेमके काय खातो, याची चौकशी आपल्याकडून क्वचितच होते. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

एक रुग्णानुभव

चाळिशीतील एक शिक्षिका स्थौल्य व गुडघेदुखीसाठी आमच्याकडे येत असत. त्यांना गुग्गुळाचे कल्प दिले, चालण्याचा व्यायाम सांगितला आणि ‘भात बंद, भाकरी-पोळी निम्मी’ असा आदेश दिला. तीन महिन्यांनी वजनाचा काटा जवळपास तिथेच होता. औषधाची मात्रा वाढवावी असे मनात आले. पण त्याआधी दिवसभराच्या आहाराची तपशीलवार विचारणा केली, तेव्हा खरा प्रकार समजला. सकाळी भाकरीऐवजी चार-पाच ‘डाएट’ बिस्किटे, शाळेत साखर घातलेले पाकिटातील कॉर्नफ्लेक्स, सायंकाळी ‘शुगर फ्री’ म्हणून विकला जाणारा चिवडा. त्यांनी आमचा आदेश तंतोतंत पाळला होता. चूक आमची होती. काय सोडावे ते आम्ही सांगितले. काय खावे ते सांगितले नाही.

शास्त्रविचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या, अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलाची संप्राप्ती स्पष्ट केली आहे. मेदाने स्रोतसे अवरुद्ध झाल्यामुळे वायू विशेषतः कोष्ठात संचार करतो व अग्नीला प्रदीप्त करतो. त्यामुळे अन्न लवकर पचते आणि पुन्हा पुन्हा भूक लागते. म्हणूनच अतिक्षुधा हे स्थूलाच्या आठ दोषांपैकी एक सांगितले आहे. यावर आचार्यांनी दिलेला उपाय म्हणजे ‘गुरु’ परंतु ‘अपतर्पण’ आहार. गुरुत्वामुळे तीक्ष्ण अग्नीला पुरेसे काम मिळते, तर अपतर्पणामुळे मेदाचे पोषण होत नाही.

या निकषावर तीन प्रकारचे आहार ताडून पाहू. पहिला प्रकार नुसत्या लाह्या, कुरमुरे किंवा पातळ सूप यांचा. हा लघु व अपतर्पण असल्याने ज्वरातून उठलेल्या रुग्णास हितकर होय. परंतु स्थूलाचा अग्नी त्यावर तासभरही शांत राहत नाही. दुसरा प्रकार बिस्किटांचा. मैदा, साखर व वनस्पती तेल यांपासून ती होतात. म्हणजे द्रव्याने गुरु, पण परिणामाने संतर्पण. तिसरा प्रकार कोंड्यासह दळलेल्या ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ व पालेभाजी यांचा. ती चावावी लागते, पोटात टिकते आणि रूक्ष असल्याने मेदोवर्धक ठरत नाही. आचार्यांना अभिप्रेत असलेला आहार हाच होय.

त्याच अध्यायात स्थूलासाठी दिलेली धान्यांची यादी आपल्या भागातील वैद्याने आवर्जून वाचावी. श्यामाक, यव, कोद्रव, मुद्ग व कुलत्थ यांच्याबरोबर तेथे जूर्णाह्व म्हणजे ज्वारी आणि आढकी म्हणजे तूर यांचाही उल्लेख आहे. सोबत पटोल व आमलक सांगितले आहेत. कुलत्थ म्हणजे आपले हुलगे. एकेकाळी आपल्या शिवारात सहज पिकणारी ही द्रव्ये होत. पुढे खरिपात सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली, स्वस्त धान्य दुकानातून मुख्यतः गहू व तांदूळ येऊ लागला आणि भाकरी रोजच्या ताटातून मागे पडली.

संस्कार म्हणजे दोष नव्हे

येथे एक शंका संभवते. प्रक्रिया केलेले अन्न वाईट म्हणावे, तर दळण, भाजणे, घुसळणे याही प्रक्रियाच नव्हेत काय? तूरडाळसुद्धा साल काढूनच मिळते. ही शंका योग्य आहे. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायातील आठ आहारविधिविशेषायतनांत ‘करण’ म्हणजे संस्कार हे स्वतंत्र आयतन मानले आहे. संस्काराने गुणांतर होते. दही शोथकर, पण तेच घुसळून केलेले ताक शोथघ्न. तेव्हा प्रश्न संस्कार झाला की नाही हा नसून, त्या संस्काराने द्रव्यात काय शिल्लक राहिले हा आहे.

आधुनिक आहारशास्त्रही याच दिशेने आले आहे. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो यांनी २००९ पासून प्रक्रियेच्या स्वरूपानुसार अन्नाचे वर्गीकरण मांडले. ‘नोव्हा’ या नावाने ते ओळखले जाते. त्यातील शेवटचा वर्ग अतिप्रक्रियायुक्त अन्नाचा आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल व सहकाऱ्यांनी २० प्रौढांना चार आठवडे दाखल करून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त व दोन आठवडे अल्पप्रक्रियायुक्त आहार दिला. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाढलेल्या जेवणातील उष्मांक, साखर, स्निग्धांश व तंतू समान ठेवले होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. तरीही अतिप्रक्रियायुक्त आहारावर ही माणसे दररोज सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खात होती व त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. दुसऱ्या आहारावर तेवढेच घटले. अभ्यास लहान व अल्पकालीन असला तरी केवळ उष्मांक मोजून पथ्य ठरवणे अपुरे आहे, हे त्यातून दिसते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही अतिप्रक्रियायुक्त पदार्थ कमीत कमी खाण्याचा सल्ला आहे.

व्यवहारात काय करावे?

१) औषध लिहिण्यापूर्वी रुग्णाकडून मागील तीन दिवसांचा आहार लिहून घ्यावा. चहाबरोबरचे पदार्थ स्वतंत्रपणे विचारावेत. ते जेवणात मोजलेच जात नाहीत.

२) पथ्य ताटाच्या रूपात सांगावे. उदाहरणार्थ, न चाळलेल्या पिठाची एक-दीड ज्वारीची भाकरी, मूग किंवा हुलग्याची उसळ अथवा वरण, करडई, शेपू, अंबाडी यांपैकी एक पालेभाजी, वाटीभर ताक. मधल्या वेळेस आवळा किंवा पेरू. भाकरी पथ्याची असली तरी मात्रा सुटता कामा नये.

३) वेष्टनावरील घटक वाचण्यास रुग्णास शिकवावे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या तीनांत मैदा, साखर किंवा तेल असेल, तर पुढे ‘डाएट’ लिहिलेले असूनही ते पथ्य नव्हे. ‘शुगर फ्री’ पदार्थात माल्टोडेक्स्ट्रिन असल्यास तेही रक्तशर्करा झपाट्याने वाढवते.

४) सरसकट सर्वांना एकच पथ्य देऊ नये. मंदाग्नी, ग्रहणी किंवा आमावस्था असता हाच गुरु व रूक्ष आहार अपाय करील. तेथे प्रथम दीपन-पाचन करावे. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने आहार एकाएकी घटवल्यास शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्याच्या मधुमेहतज्ज्ञाशी बोलूनच बदल करावा. मूत्रपिंडाच्या विकारात डाळी व उसळींचे प्रमाण तपासूनच ठरवावे. मधूदक शास्त्रोक्त असले तरी मधुमेह्यास मध ही साखरच होय.

औषधी विक्रेत्यांस विनंती

वजन कमी करण्याची चूर्णे, शेक व बिस्किटे आपल्या दुकानाच्या दर्शनी फळीवर असतात आणि त्यांत नफाही बरा असतो, हे आम्ही जाणतो. अनेक चिकित्सालयांतही ती ठेवलेली असतात. परंतु १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या परिशिष्टात स्थौल्याचा समावेश आहे; ते बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करता येत नाही. २०२२ च्या नियमांनुसार ‘आयुर्वेद आहार’ म्हणून विकली जाणारी उत्पादने ही अन्न आहेत, औषध नव्हेत. हा भेद ग्राहकास सांगणे आपले कर्तव्य आहे. त्याच फळीवर यव, भगर, हुलगे किंवा आवळ्याचे चूर्ण ठेवता आले, तर व्यवहार व हित दोन्ही साधेल.

उपसंहार

उपरोक्त शिक्षिकेस आम्ही नवे औषध दिले नाही. बिस्किटे बंद करून भाकरी परत दिली, इतकेच. पुढील चार महिन्यांत वजन हळूहळू पाच किलोने उतरले. गुडघे पूर्ण बरे झाले नाहीत, पण जिना चढणे सोपे झाले. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, याची आम्हास जाणीव आहे. तथापि पथ्याची चौकशी न करता औषधाची मात्रा वाढवण्याची घाई आम्ही त्या दिवसापासून सोडली आहे. वैद्यमित्रांनी आपापल्या रुग्णांच्या आहारनोंदी ठेवाव्यात व अनुभव या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत, ही विनंती.