निमूट स्वीकारलेली फाइल

कुबरनेटिसच्या क्लस्टरमध्ये जी फाइल एरर देते, तिची मला भीती वाटत नाही. तिला क्लस्टर दारातच अडवतो, आपण दुरुस्त करतो, विषय मिटतो. घात करते ती क्लस्टरने निमूट घेतलेली फाइल. आपण लिहिलेलं एक आणि क्लस्टरने त्यातून घेतलेलं दुसरंच, आणि ही तफावत लक्षात यायला कधी कधी कितीतरी दिवस जातात. मोठ्या कंपन्यांत या कामाला वेगळी टीम असते. दोन-तीन मशिनच्या क्लस्टरवर मात्र कोड लिहिणारा, डिप्लॉय करणारा आणि अपरात्री फोन घेणारा माणूस बहुधा एकच असतो. हा लेख त्याच्यासाठी आहे.

मी ज्या सॉफ्टवेअरचे सर्व्हर सांभाळतो, ते गावोगावच्या दूध संस्थांसाठी चालतं. पहाटे संकलन सुरू होण्याआधी त्या दिवसाचं दरपत्रक केंद्रांवर पोचलेलं असावं लागतं. दुधाचं फॅट आणि एसएनएफ मोजलं की पावती निघते, आणि त्या पावत्यांवरून दहा दिवसांचं बिल होतं. दरपत्रक तयार करण्याचं काम एका क्रॉनजॉबकडे होतं, वेळ पहाटे चारची. मशिनची घड्याळं यूटीसीवर असल्याने फाइलमध्ये टाइमझोन म्हणून आशिया/कोलकाता लिहिलेलं होतं. ही सोय कुबरनेटिसच्या १.२७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून पक्की झाली आहे, आणि आमची आवृत्ती त्याच्या पुढची होती.

काम मात्र सकाळी साडेनऊला होत होतं. तोवर सकाळचं संकलन आटोपलेलं असायचं आणि केंद्रं आदल्या दिवशीच्या दरपत्रकावर चाललेली असायची. दर बदलत नव्हता तोपर्यंत हे कुणालाच जाणवलं नाही. ज्या दिवशी दर वाढला, त्या दिवशी पावतीवर जुना आकडा पाहून शेतकऱ्यांनी संस्थेच्या सचिवांना धारेवर धरलं, आणि सचिवांचा फोन आमच्याकडे आला. फरकाची रक्कम पुढच्या बिलात देता आली, पण पावतीवरचा विश्वास एकदा डळमळला की तो परत बसवायला वेळ लागतो.

फाइल उघडून पाहिली तर सगळं जागेवर दिसत होतं. क्रॉनजॉबच्या फाइलमध्ये ‘स्पेक’ हा शब्द तीनदा येतो: पहिला क्रॉनजॉबचा स्वतःचा, त्याच्या पोटात जॉबचा, आणि त्याच्याही पोटात पॉडचा. टाइमझोनची ओळ पहिल्या स्पेकखाली हवी. ती दुसऱ्याखाली गेली होती, चार स्पेस उजवीकडे. यॅमल म्हणून फाइल निर्दोष होती. तिथे अशी किल्ली असतच नाही, एवढीच अडचण. क्यूबसीटीएलने हीच फाइल लावली असती तर अनोळखी किल्ली म्हणून ती तिथेच अडली असती. पण आमच्या फायली एका स्क्रिप्टमधून थेट एपीआयकडे जात होत्या, आणि पाठवणाऱ्याने स्पष्ट मागणी केली नाही तर सर्व्हर अनोळखी किल्लीसाठी फक्त इशारा देतो, ती किल्ली गाळतो आणि बाकीचं ठेवून घेतो. इशारा लॉगमध्ये पडलेला होता. यशस्वी झालेल्या कामाचा लॉग कोण वाचतं?

तेव्हापासून तपासणीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. फाइल बरोबर आहे का, हा प्रश्न अपुरा आहे. क्लस्टरने तिच्यातलं काय घेतलं, हे विचारायला हवं.

अशी निमूट घेतली जाणारी प्रकरणं आणखीही आहेत, आणि ती एकदा डोळ्यांखालून गेली की रिव्ह्यू करताना नजर आपोआप तिथे थांबते. मेमरीसमोर २५६ लिहून पुढे मोठ्या एम-आयऐवजी लहान एम पडला, तर त्याचा अर्थ मेगाबाइट होत नाही. लहान एम म्हणजे हजारावा भाग. सीपीयूसाठी तो बरोबर आहे, मेमरीसाठी त्याचा अर्थ पाव बाइट. रिक्वेस्टमध्ये हे गेलं की शेड्युलरला वाटतं या कंटेनरला मेमरी लागतच नाही, आणि तो अशा कंटेनरची गर्दी एकाच मशिनवर करू शकतो. नव्या आवृत्त्या यावरही इशारा देतात, अडवत नाहीत. फाइल परवान्यांचंही तसंच. सीक्रेटमधली खासगी किल्ली फक्त मालकाला वाचता यावी म्हणून डिफॉल्टमोड ०४०० द्यायचा असतो. पुढचं शून्य गळलं तर ४०० हा साधा दशमान आकडा धरला जातो, आणि अष्टमानात तो ०६२० होतो. म्हणजे ग्रुपला लिहिण्याची परवानगी मिळाली. एसएसएच अशी किल्ली घ्यायला नकार देतं, म्हणून तिथे कळतं तरी. जो प्रोग्रॅम इतका काटेकोर नाही, तो काहीच बोलत नाही.

हेल्मच्या व्हॅल्यूज फाइलमध्ये इमेजचा टॅग १.१० असा अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर तो आकडा समजून १.१ होतो. त्या नावाची जुनी इमेज रजिस्ट्रीत असेल तर तीच सुखाने चालू होते. सर्व्हिसच्या सिलेक्टरमधलं लेबल पॉडच्या लेबलशी जुळत नसेल, तरी सर्व्हिस तयार होतेच. तिच्यामागे एकही पॉड नसतो एवढंच. तिचे एंडपॉइंट पाहण्याची सवय लावून घ्या, रिकामी यादी लगेच दिसते. सीक्रेटसाठी एको कमांडने बेस६४ करताना शेवटी नवी ओळ चिकटली की पासवर्ड एका अदृश्य अक्षराने चुकतो. स्ट्रिंगडेटा वापरला तर ही भानगडच उरत नाही. मात्र बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे, तेव्हा तशी फाइल रेपोत ठेवू नका. एसओपीएससारख्या साधनाने ती आधी एन्क्रिप्ट करा.

आता उपायांकडे. पहिली पायरी यॅमललिंट. इंडेंटेशन, एकाच किल्लीची दोनदा झालेली नोंद, अशा गोष्टी ते सेकंदात दाखवतं. दुसरी पायरी कुबेकॉन्फॉर्म, जे प्रत्येक फाइल कुबरनेटिसच्या स्कीमाशी ताडून पाहतं. इथे दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. त्याला स्ट्रिक्ट पर्याय दिलाच पाहिजे, नाहीतर अनोळखी किल्ल्या तेही सोडून देतं, आणि आमची टाइमझोनची ओळ तिथूनही सहीसलामत निसटली असती. दुसरं, आपल्या क्लस्टरची नेमकी आवृत्ती त्याला सांगा. सर्टिफिकेट किंवा इनग्रेस सांभाळणाऱ्या साधनांचे स्वतःचे रिसोर्स असतात, त्यांचे स्कीमा त्याच्याकडे नसतात. मग पुष्कळ जण ‘स्कीमा नसेल तर सोडून दे’ हा पर्याय चालू करतात आणि विसरतात. हिरवी खूण दिसत राहते, आणि त्या फायली कुणीच तपासलेल्या नसतात. ते स्कीमा एकदा मिळवून रेपोत ठेवा, थोडी मेहनत आहे पण ती चुकवू नका.

या दोन्ही पायऱ्या क्लस्टरला न विचारता होतात. तिसरी पायरी क्लस्टरलाच विचारायची: सर्व्हर ड्राय-रन. क्यूबसीटीएल अप्लायला ड्राय-रन सर्व्हर असं सांगितलं की फाइल खरोखर एपीआय सर्व्हरकडे जाते, तिथले सगळे नियम तिला लागू होतात, फक्त शेवटी ती साठवली जात नाही. क्लायंट ड्राय-रन याच्या तुलनेत अगदीच वरवरचा आहे, त्यावर विसंबू नका. त्यानंतर क्यूबसीटीएल डिफ. सध्या काय आहे आणि लावल्यावर काय होईल, हे ओळीओळीने दिसतं. टाइमझोनची ओळ जोडली आणि डिफमध्ये ती दिसलीच नाही, तर तिथेच थांबायचं. पाइपलाइनमध्ये डिफ घालताना ध्यानात ठेवा की फरक सापडला तर तो एक्झिट कोड १ देतो आणि स्वतःच अडखळला तर त्याहून मोठा. हे न पाहता स्क्रिप्ट लिहिली की पाइपलाइन कारण नसताना थांबते, आणि मग कुणीतरी वैतागून ती पायरीच काढून टाकतं.

फाइलमध्ये उल्लेख असलेला कॉन्फिगमॅप किंवा सीक्रेट खरोखर अस्तित्वात आहे का, हे ड्राय-रनलाही कळत नाही. ते पॉड उभा राहताना कळतं. म्हणून अप्लाय झालं म्हणजे काम झालं असं समजू नका, रोलआउट स्टेटस पूर्ण होईपर्यंत थांबा. तसंच कॉन्फिगमॅप बदलला म्हणून पॉड आपोआप नव्याने सुरू होत नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घेतलेली जुनीच किंमत तो धरून बसतो. कस्टमाइझचा कॉन्फिगमॅप जनरेटर नावापुढे मजकुराचा हॅश जोडतो, त्यामुळे मजकूर बदलला की नाव बदलतं, आणि अप्लाय केल्यावर रोलआउट आपोआप होतो. कस्टमाइझ क्यूबसीटीएलमध्येच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही.

लहान क्लस्टरवर आणखी एक रोग हमखास असतो: हाताने केलेला बदल. रात्री अडचण आली, कुणी थेट क्लस्टरवर एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल जोडलं, अडचण सुटली. ते रेपोत गेलं नाही. इथे डिफचा आधार वाटतो, पण तो इथेच तोकडा पडतो. डिफ फक्त अप्लाय काय बदलेल तेवढंच दाखवतो. फाइलमध्ये कधीच नसलेलं, हाताने जोडलेलं व्हेरिएबल अप्लाय तसंच राहू देतो, म्हणून डिफमध्ये ते येत नाही. उलट बाजूही आहे. रेपोतून फाइल काढून टाकली म्हणून क्लस्टरमधली वस्तू जात नाही. के३एसमध्ये फाइल टाकली की आपोआप लागू होणारी एक डिरेक्टरी असते, तिथली फाइल पुसली तरी हाच प्रकार. फ्लक्स किंवा आर्गो सीडी हे पुसण्याचं काम करू शकतात, पण तो पर्याय आपण चालू करावा लागतो, आणि डेटाबेसची स्टोरेज व्हॉल्यूम त्याच्या तावडीत येणार नाही हे आधी पाहावं लागतं.

जुन्या एपीआयचं दुखणं याच जातीचं. ऑगस्ट २०२१ च्या १.२२ मध्ये इनग्रेसच्या बीटा आवृत्त्या काढल्या गेल्या. क्लस्टर अपग्रेड केला तरी आधीपासून असलेले इनग्रेस नव्या आवृत्तीत दिसत राहतात, साइट चालू राहते. रेपोतली फाइल मात्र तेव्हाच मेलेली असते. ती पुढच्या वेळी लावायला जाल तेव्हा समजतं, आणि ती वेळ बहुतेक मशिन बंद पडून क्लस्टर नव्याने उभा करण्याची असते. म्हणून अपग्रेडच्या आधी कुबेकॉन्फॉर्म नव्या आवृत्तीचा स्कीमा देऊन एकदा चालवा.

या सगळ्यावर मला सापडलेली सर्वांत भरवशाची परीक्षा म्हणजे रिकाम्या क्लस्टरवर नुसत्या रेपोतून सगळं उभं करून पाहणं. त्यासाठी वेगळं मशिन लागत नाही. काइंड नावाचं साधन लॅपटॉपवर डॉकरच्या आत क्लस्टर उभा करून देतं, आणि काम झालं की तो टाकून देता येतो. आम्ही हे काम ज्याने मूळ क्लस्टर उभारलेला नाही अशाच सहकाऱ्याला देतो. त्याला जिथे जिथे आम्हाला विचारावं लागतं, तो प्रत्येक प्रश्न लिहून ठेवला जातो: हा नेमस्पेस कोण तयार करतं, या सीक्रेटची किल्ली कुठे आहे, डेटाबेसआधी हा जॉब का चालतो. तोंडी उत्तर द्यायचं नाही, असा आमचा नियम आहे. उत्तर म्हणून रेपोत कमिट जातो, आणि तो सहकारी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.