खडकावर चढणारा छोटा ट्रक

मोटारगाडीची थोरवी आपण बहुधा तिच्या वेगावरून ठरवितो. परंतु वाहनांचा एक वर्ग असा आहे की, ज्याचे सारे कौशल्य सावकाश चालण्यात आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा पर्वतातून रुबिकन नावाची एक वाट जाते. तिला रस्ता म्हणणे धाडसाचेच ठरेल, कारण कित्येक ठिकाणी ती म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांची निव्वळ रास आहे. १९५३ पासून ह्या वाटेने जीपगाड्यांचे सामुदायिक प्रवास निघू लागले. पुढे खडक ओलांडण्यासाठीच खास रचना केलेली वाहने तयार झाली. त्यांना ‘रॉक क्रॉलर’, म्हणजे खडकांवरून रांगणारी गाडी, असे नाव पडले.

ह्या वाहनांच्या रेडिओनियंत्रित लहान प्रतिकृती आज अनेक देशांत हौसेने बनविल्या जातात. त्यांच्या स्पर्धांत एक नियम सर्वसाधारणपणे पाळला जातो : अडलेल्या गाडीला हात लावावा लागला, तर दंडाचे गुण पडतात. हा नियम वरवर खेळातला वाटतो. पण अभियंत्याच्या दृष्टीने त्यात मोठा अर्थ आहे. चालक दूर उभा असताना गाडीने स्वतःच्या बळावर संकटातून बाहेर पडावे, अशी तिची रचना हवी. असा ट्रक तयार करताना यंत्रशास्त्राचे कोणते नियम उपयोगी पडतात, ते आपण क्रमाने पाहू.

प्रमाणाचा नियम

प्रतिकृतीसाठी १ : १० हे प्रमाण सोयीचे असते. उदाहरणार्थ, टोयोटा कंपनीच्या हायलक्स ह्या दोन ओळींच्या बैठकीच्या ट्रकमध्ये पुढील व मागील आसांमधील अंतर ३,०८५ मिलिमीटर आहे; म्हणून प्रतिकृतीत ते सुमारे ३०९ मिलिमीटर ठेवावे. लांबी, रुंदी व उंची ही तिन्ही मापे दहापट कमी केली की कोणत्याही भागाच्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपट कमी होते, आणि घनफळ, अर्थात वजनही, हजारपट कमी होते. अडीच हजार किलोग्रॅमच्या ट्रकची त्याच द्रव्यांतून केलेली प्रतिकृती अडीच किलोग्रॅम भरेल.

दांड्याचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. म्हणून वजनाच्या मानाने पाहता प्रतिकृतीचे भाग दहापट बळकट ठरतात. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्याच तत्त्वाची चर्चा केली आहे. आपल्या उंचीएवढ्या कड्यावरून कोसळूनही छोटा ट्रक शाबूत राहतो आणि खरा ट्रक मोडून पडतो, ह्याचे मर्म येथे आहे.

परंतु गुरुत्वाकर्षण मात्र आपण दहापट कमी करू शकत नाही. दशांश उंचीवरून पडण्यास लागणारा काळ दशांश नसतो. तो दहाच्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे ३.१६ पटींनी, कमी असतो. खरा ट्रक खडकावरून ताशी ३ किलोमीटर वेगाने जात असेल, तर प्रतिकृतीची चाल तशीच भारदस्त दिसण्यासाठी तिचा वेग ताशी १ किलोमीटरच्या आतच हवा. मोटर कशी निवडावी, हे ह्या एका आकड्यावरून ठरते.

वेग देऊन पीळ घेणे

आसाला फिरविणाऱ्या बलाच्या परिणामास आपण ‘पीळ’ म्हणू. समजा, गाडीचे वस्तुमान २.५ किलोग्रॅम असून तिला ४५ अंशांचा चढ चढावयाचा आहे. तिचे वजन २४.५ न्यूटन, त्यातील उताराच्या दिशेने ओढणारा भाग १७.३ न्यूटन. चाकाची त्रिज्या ५५ मिलिमीटर असेल, तर सर्व चाकांवर मिळून ०.९५ न्यूटन-मीटर पीळ लागेल. दंतचक्रांच्या घर्षणात निम्मी शक्ती खर्च होते असे धरले, तर हा आकडा १.९ न्यूटन-मीटर होतो.

आता मोटर आणि चाक ह्यांमध्ये १० : १ गुणोत्तराची दंतचक्रे बसविली, तर मोटरीवर ०.१९ न्यूटन-मीटर भार येतो. लहान मोटर एवढ्या भाराखाली जवळजवळ थांबते. थांबलेली मोटर काम करीत नाही, पण विद्युत्प्रवाह मात्र भरमसाट ओढते, आणि तो सारा उष्णतेत जाऊन तिची वेटोळी जळतात. तेच गुणोत्तर ४० : १ केले, की मोटरीवरचा भार ०.०४८ न्यूटन-मीटर इतका हलका होतो. ४, ४ आणि २.५ ह्या गुणोत्तरांच्या तीन जोड्या एकापुढे एक लावल्या की हे साधते. त्यांतील शेवटची जोडी आसाच्या पेटीतच असावी.

ह्याची किंमत वेगाच्या रूपाने द्यावी लागते. मिनिटास १२,००० फेरे घेणाऱ्या मोटरीमागे चाक आता ३०० फेरे घेईल, आणि गाडीचा कमाल वेग ताशी सुमारे ६ किलोमीटर होईल. आपल्याला तोही अधिकच आहे. चढावर अडणाऱ्या गाडीला अधिक जोरदार मोटर बसविण्याचा मोह नवख्यास होतो. पण पुष्कळदा त्या ठिकाणी हवा असतो तो अधिक दात्यांचा एक गिअर.

सांगाडा आणि आस

दंतचक्रे, आसांच्या पेट्या आणि बेअरिंगे तयार मिळतात, ती विकत घ्यावीत. सांगाडा मात्र घरी करता येतो. दोन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचे दोन सारखे तुकडे कापावे, ते शेगड्यात एकत्र आवळावे आणि दोहोंतून एकदमच भोके पाडावी. असे केल्याने समोरासमोरची भोके तंतोतंत जुळतात. कडा कानशीने घासून घ्याव्या आणि दोन्ही पट्ट्या आडव्या तुकड्यांनी शिडीसारख्या जोडाव्या.

प्रत्येक आस सांगाड्याला चार दांड्यांनी जोडलेला असतो. खालचे दोन दांडे आसाला पुढेमागे सरकू देत नाहीत. वरचे दोन दांडे तिरपे बसवितात, त्यामुळे आस बाजूलाही सरकत नाही. दांड्यांच्या टोकांना गोळीचे सांधे असतात. त्यामुळे एक चाक धोंड्यावर चढले असता दुसरे खाली खड्ड्यात उतरू शकते. चारही चाके जमिनीस टेकलेली राहावीत, हाच ह्या योजनेचा हेतू होय.

तरीही एखादे चाक अधांतरी राहतेच. सामान्य गाडीच्या आसात डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची योजना असते. तिच्यामुळे वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जलद फिरू शकते. पण ती दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. अधांतरी चाकाला फिरण्यास पीळ जवळजवळ लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तो मिळत नाही. एक चाक गरगर फिरते आणि गाडी जागीच राहते. ह्यास्तव खडकगामी गाडीत ही योजना काढून दोन्ही चाके एकाच आसाने घट्ट जखडतात. वळताना चाके थोडी घासतात, पण तेवढे सोसावे लागते.

गुरुत्वमध्य कोठे असावा?

गाडी कडेवर कलली असता ती केव्हा उलटेल? गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली लंबरेषा खालच्या बाजूच्या चाकांच्या बाहेर गेली की ती उलटते. चाकांमधील अंतर २०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ८० मिलिमीटर असेल, तर हा कोन सुमारे ५१ अंश येतो. गुरुत्वमध्य ११० मिलिमीटरवर नेला, तर कोन ४२ अंशांवर उतरतो. स्प्रिंगा दबत असल्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही कोन आणखी काहीसे कमी भरतात.

प्रतिकृती करणाऱ्यापुढे येथे एक पेच उभा राहतो. खऱ्या ट्रकच्या टपावर जादा चाक, पाण्याचे डबे, दोरखंड असे सामान असते, आणि ते हुबेहूब करण्यात मोठी मौज असते. पण २३० मिलिमीटर उंचीवर २०० ग्रॅम सामान ठेवले, की आपल्या अडीच किलोग्रॅमच्या गाडीचा गुरुत्वमध्य ८० वरून ९१ मिलिमीटरवर चढतो, आणि साडेतीन अंशांहून अधिक स्थैर्य गमवावे लागते. उलट तेच २०० ग्रॅम पितळ आसाच्या उंचीवर बसविले, तर गुरुत्वमध्य ७८ मिलिमीटरवर येतो. म्हणून टपावरचे डबे पोकळ व कागदाचे करावे, वरचे कवच पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्याचे करावे, आणि जड वस्तू शक्य तितक्या खाली ठेवाव्या. चढावर भार मागे सरकतो. तो भरून काढण्यासाठी बॅटरी पुढील आसाजवळ ठेवणे इष्ट असते.

चाकांवर मऊ रबराचे टायर चढवितात. त्यांत हवा भरीत नाहीत. हलका स्पंज भरतात. दाबाखाली टायर खडकाच्या उंचसखल पृष्ठावर पसरतो आणि त्याची पकड वाढते.

आज्ञा कशी पोहोचते?

तारेवाचून दूरच्या यंत्राला चालना देण्याची कल्पना जुनी आहे. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस ह्यांनी कलकत्त्यात विद्युत्तरंगांच्या साहाय्याने दूर अंतरावर घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखविली. १८९८ मध्ये निकोला टेस्ला ह्यांनी न्यूयॉर्कमध्ये रेडिओतरंगांनी चालणारी एक लहान नौका लोकांपुढे मांडली. आजच्या संचांत सेकंदास सुमारे २४० कोटी कंपनांचे तरंग वापरतात. त्यांची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते. प्रत्येक प्रेषक आपल्या ग्राहकयंत्राशी खुणेने बांधलेला असतो, म्हणून एकाच मैदानात अनेक गाड्या निर्वेधपणे चालू शकतात.

ग्राहकयंत्र दोन ठिकाणी आज्ञा पोचविते. पहिले ठिकाण म्हणजे चाके वळविणारा सर्व्हो. त्याला सेकंदास सुमारे पन्नास वेळा एक विद्युत्स्पंद मिळतो. हा स्पंद सेकंदाच्या दीड हजारांश भागाएवढा, म्हणजे १.५ मिलिसेकंद, असेल तर चाके सरळ राहतात. १ मिलिसेकंदाला ती एका टोकाला आणि २ मिलिसेकंदांना दुसऱ्या टोकाला वळतात. सर्व्होमधील एक लहान रोधक त्याच्या दांड्याची स्थिती सतत सांगत असतो. ती आज्ञेशी जुळेपर्यंत आतली मोटर फिरत राहते.

दुसरे ठिकाण म्हणजे वेगनियंत्रक. तो मोटरीचा प्रवाह सेकंदात हजारो वेळा चालू-बंद करतो, आणि चालू काळाचे प्रमाण बदलून वेग कमीजास्त करतो. कळ सोडताच तो मोटरीची दोन टोके परस्परांस जोडतो. अशा स्थितीत फिरणारी मोटर जनित्र बनते आणि स्वतःच्याच गतीस विरोध करते. त्यामुळे उतारावर गाडी घसरत सुटत नाही.

बॅटरीविषयी इशारा

लिथियम-पॉलिमर बॅटरी हलकी व जोरकस असते, पण ती निष्काळजीपणा सहन करीत नाही. तिचा प्रत्येक घट ४.२ व्होल्टपेक्षा अधिक भरू नये आणि ३ व्होल्टच्या खाली रिकामा होऊ देऊ नये. टोचलेली, चेपलेली किंवा फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. अशी बॅटरी पुन्हा वापरू नये. ती भरण्यास लावून खोलीबाहेर जाऊ नये, आणि भरताना ती न पेटणाऱ्या पृष्ठावर ठेवावी. शाळेच्या कार्यशाळेत निकेल-मेटल हायड्राइडचे सहा घट वापरणे अधिक श्रेयस्कर. त्यांचा एकत्रित दाब ७.२ व्होल्ट असतो, वजन थोडे अधिक असते. पण ते खाली ठेवले की उपयोगीच पडते.

चाचणी

गाडी तयार झाल्यावर लगेच खडकांवर नेऊ नये. एका लांब फळीवर खरखरीत कागद चिकटवावा. गाडी उभी करून, चाके फिरणार नाहीत अशी बांधून, फळीचे एक टोक हळूहळू उचलावे. ज्या कोनाला गाडी घसरू लागते, त्याचा स्पर्शक म्हणजे त्या टायरचा त्या पृष्ठावरील घर्षणांक होय. ४५ अंशांना तो १ येतो. मग गाडी आडवी ठेवून, खालच्या चाकांना पातळ पट्टीचा आधार देऊन, उलटण्याचा कोन मोजावा. बॅटरीची जागा बदलून हे प्रयोग पुन्हा करावे आणि आकडे वहीत मांडावे. आपल्या गणिताने काढलेला कोन आणि फळीवर मोजलेला कोन ह्यांत अंतर पडले, तर त्याचे कारण शोधणे हाच ह्या उद्योगातील सर्वांत फलदायी भाग आहे.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीकच्या प्रदेशात उतरले. त्यातून बाहेर आलेल्या ‘प्रज्ञान’ ह्या २६ किलोग्रॅमच्या सहाचाकी गाडीचा वेग सेकंदास अवघा एक सेंटिमीटर होता. पृथ्वीवरून निघालेली आज्ञा तिच्यापर्यंत पोहोचण्यास एका सेकंदाहून अधिक काळ लागत असे. एखाद्या दगडावर ती कलंडली असती, तर तिला सरळ करण्यास तेथे कोणाचाही हात नव्हता. आपला छोटा ट्रक अंगणातील धोंड्यावर अडला, तर आपण दोन पावले पुढे जाऊन तो उचलू शकतो. तो तसा न उचलता, तो का अडला हे पाहून रचनेत सुधारणा करणे, एवढाच ह्या खेळाचा नियम आहे.