ट्रॉलीच्या टायरात हवा किती असावी?



गळीत हंगामात ऊस घेऊन आलेल्या ड्रायव्हरला "टायरात हवा किती?" असे आम्ही विचारले, की बहुतेक वेळा "भरपूर आहे साहेब" असे उत्तर मिळते. पान्याने टायर ठोकायचा, आवाज ऐकायचा आणि गाडी सोडायची, ही पद्धत सगळीकडे दिसते. परंतु 40 पौंडांचा टायर आणि 60 पौंडांचा टायर आवाजावरून ओळखता येत नाही. त्यासाठी गेजच लावावा लागतो.

ओझे मुख्यतः टायरातील दाबलेली हवा पेलते. हवा कमी असली की टायरची बाजू चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला दबते व पुन्हा सरळ होते. त्यामुळे टायर आतून तापतो, पदर सुटतात आणि भरल्या ट्रॉलीखाली तो फुटतो. दोन्ही कडा झिजून मधला पट्टा शाबूत दिसला, तर हवा कमी पडत होती असे समजावे. उलट, हवा जास्त झाली तर मधला पट्टा झिजतो, टायर दगडावर लवकर चिरतो आणि ट्रॉली खड्ड्यात उसळते.

मग हवा किती भरावी? ते भारावर ठरते. टायरचा माप व प्लाय पाहून तो जास्तीत जास्त किती भार घेतो व त्याला किती हवा लागते, हे टायरच्या बाजूवर किंवा कंपनीच्या तक्त्यात पाहावे. आता हिशेब करू. रिकामी चारचाकी ट्रॉली 2 टन आणि ऊस 6 टन धरला, तर एकूण 8 टन, म्हणजे एका टायरवर सरासरी 2 टन. ऊस एका अंगाला कलला तर त्या बाजूच्या टायरांवर जास्त भार येतो. म्हणून थोडी मोकळीक ठेवावी. टायरची ताकदच 2 टनांपेक्षा कमी असेल, तर ऊस कमी भरणे हाच उपाय. जादा हवा मारून टायरची ताकद वाढत नाही. एका आसाच्या दोन्ही टायरांत हवा सारखी ठेवावी.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांचे गणित वेगळे. शेतात साधारण 12 ते 14 पौंड हवा पुरते. ट्रॉली रस्त्यावर ओढताना ती थोडी वाढवावी लागते. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतो. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार हुकावरून याच टायरांवर येतो, हे विसरू नये. टायरात पाणी भरलेले असेल, तर व्हॉल्व्ह वर आणून मगच हवा मोजावी.

हवा सकाळी, टायर थंड असताना पाहावी. दुपारी धावून आलेल्या टायरात आकडा वाढलेला दिसतो. ती हवा कोणी सोडू नये. टायर थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेचा ठरतो.

एक गोष्ट जिवावरची आहे. लॉक रिंग असलेल्या चाकात हवा भरताना रिंग नीट बसली नसेल, तर ती सुटून उडते व माणूस जागीच जाऊ शकतो. अशा चाकासमोर उभे राहू नये, बाजूला राहावे. बसलेल्या टायरवर गाडी चालली असेल, तर तो उतरवून आतून तपासल्याशिवाय त्यात हवा भरू नये.

शेवटी शेताचे. टायर मातीवर जो दाब देतो तो जवळजवळ आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. ट्रॉलीच्या टायरातील हवा ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांपेक्षा कितीतरी पट जास्त असते. ओल्या रानात अशी ट्रॉली फिरली तर माती घट्ट होते, बुडखे दबतात व खोडव्याला तुटाळी पडतात. हवा कमी करून ट्रॉली शेतात घालावी, तर तीच भरून रस्त्यावर जायची आहे. म्हणून तोडणीपूर्वी पाणी वेळेवर तोडावे, आणि वाफसा नसेल तर ट्रॉली बांधालगत उभी करून मोळ्या डोक्यावरून आणाव्यात.

गेज फार महाग नसतो. चार सभासदांनी मिळून एक घेतला तरी भागते. मोळी टाकण्यापूर्वी प्रत्येकाने आपापल्या ट्रॉलीची हवा एकदा मोजून घ्यावी, अशी आमची विनंती आहे.