पिक्चर ठीकठाक, धडा मात्र कामाचा: ग्राहकासमोर ऐनवेळचं किती बोलायचं?



मागच्या व्हिडिओत मी सांगितलं होतं की ग्राहकासमोर पाठ केलेलं बोलू नका. ते अर्धंच सांगणं झालं. उरलेलं अर्धं आज एका ठीकठाक विनोदी पिक्चरच्या मदतीने सांगतो. गाजलेल्या पिक्चरवरून सगळेच शिकवतात. मला ठीकठाक पिक्चरमधून जास्त मिळतं, कारण नेमकं कुठे बिनसलं ते तिथे दिसतं.

पिक्चर आहे २०१६ चा 'घोस्टबस्टर्स'. १९८४ च्या गाजलेल्या पिक्चरचा नवा अवतार, यावेळी भुतं पकडणाऱ्या चौघी बायका. दिग्दर्शक पॉल फीग. क्रिस्टन विग, मेलिसा मॅकार्थी, केट मॅकिनन आणि लेस्ली जोन्स, चौघीही विनोदात मुरलेल्या. फीगची पद्धत अशी, की लिहिलेला सीन घ्यायचाच, पण शिवाय कलाकारांना मोकळं सोडायचं. एकाच वाक्याच्या जागी पाच वेगवेगळी वाक्यं येतात आणि जमलेलं वाक्य एडिटिंगला निवडायचं. यालाच म्हणतात इम्प्रोव्हायझेशन, आपल्या भाषेत ऐनवेळी सुचलेलं. आपल्या तमाशातली बतावणी अशीच रंगते, ही काही हॉलिवूडची मक्तेदारी नाही.

पिक्चरला खर्च आला सुमारे १४ कोटी ४० लाख डॉलर, आणि जगभरातला गल्ला सुमारे २३ कोटी. ऐकायला फायदा वाटतो ना? पण गल्ल्यात थिएटरवाल्यांचा वाटा असतो, जाहिरातीचा खर्च वेगळा. हिशेब तोट्यातच गेला. (उलाढालीला नफा समजणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.) रिलीजच्या आधी इंटरनेटवर या पिक्चरवरून बराच गदारोळ झाला होता, त्यात आपण पडत नाही.

मला पाहताना काय जाणवलं ते सांगतो. चौघी बोलायला लागल्या की विनोदावर विनोद येतात, हसू येतंही, पण गोष्ट जागची हलत नाही. सीन संपतो तेव्हा आपण सुरुवातीला होतो तिथेच असतो. व्हिलन कोण, त्याला नेमकं काय हवंय, हा भाग कच्चाच राहिलाय. आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त हशा मिळवतो ख्रिस हेम्सवर्थचा रिसेप्शनिस्ट. दिसायला राजबिंडा, डोक्याने शून्य. चष्म्याला काचाच नाहीत, तो फ्रेममधून बोट घालून डोळा चोळतो! त्याचं काहीही चालून जातं, कारण हा माणूस कोण आहे हे पहिल्या मिनिटाला पक्कं झालेलं असतं.

आता याच फीगचा २०११ चा 'ब्राइड्समेड्स' घ्या. विग आणि मॅकार्थी त्यातही आहेत, ऐनवेळची मोकळीक त्यातही आहे. खर्च सव्वातीन कोटी डॉलरच्या आसपास, गल्ला २८ कोटींच्या वर. विग आणि अॅनी मुमोलो यांच्या पटकथेला ऑस्करचं नामांकनसुद्धा मिळालं. फरक कुठे पडला? माझ्या मते कागदावर. नायिकेचा केकचा धंदा बुडालाय आणि जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्या मैत्रिणीकडे सरकतेय. हे दुखणं प्रत्येक सीनखाली आहे. कलाकार कितीही भरकटले तरी तिथेच परत येतात.

आता माझी फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात मी गिफ्ट बॉक्स बनवून द्यायचो. दिवाळीच्या तोंडावर एका ऑफिसची मोठी ऑर्डर आली. बोलण्यात मी तयार होतो, समोरचे साहेब हसत होते, मीटिंग मस्त रंगली. ते म्हणाले, "यावर आमचं नाव सोनेरी छापून मिळेल ना?" मी म्हटलं, "का नाही साहेब!" ते म्हणाले, "चार दिवस आधी मिळेल?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी काय पण!" ॲडव्हान्सचा विषय काढायचा राहूनच गेला. बाहेर पडलो तेव्हा वाटलं, मैदान मारलं. घरी येऊन हिशेब मांडला तर सोनेरी छपाईतच माझा सगळा नफा गेला होता, आणि वेळेत द्यायचं म्हणून दोन रात्री बायको आणि मेहुणा माझ्यासोबत जागले. साहेबांची काही चूक नव्हती, त्यांनी फक्त विचारलं होतं. विनोद माझे जमले, पटकथाच नव्हती.

तेव्हापासून चार गोष्टी कागदावर पक्क्या केल्याशिवाय मी ग्राहकाकडे जात नाही: कमीत कमी दर, ॲडव्हान्स किती, माल कधी देणार, आणि दरात काय-काय धरलेलं नाही. यात ऐनवेळी बदल नाही. कोणी आडवळणाने विचारलं तर एकच उत्तर, "हिशेब करून संध्याकाळी कळवतो." आजवर या वाक्यामुळे माझी एकही चांगली ऑर्डर गेलेली नाही. बाकी सगळं मोकळं. सुरुवात कशी करायची, कोणतं सॅम्पल आधी काढायचं, समोरचा घाईत असेल तर काय गाळायचं, तो गप्पिष्ट असेल तर किती रमायचं, हे समोरच्याचा चेहरा बघून ठरवा. तिथे पाठांतर केलंत तर तुम्ही रेकॉर्ड केलेल्या जाहिरातीसारखे वाटाल.

या आठवड्याचं काम: तुमच्या चार गोष्टी एका कार्डावर लिहा आणि कार्ड खिशात ठेवा. मग घरातल्या कोणाला तरी ग्राहक करा, शक्यतो घासाघीस करण्यात तरबेज असलेल्याला. एकच माल त्यांना पाच वेळा विका, दर वेळी सुरुवात वेगळी. मोबाइलवर रेकॉर्ड करा. ऐकताना हसू कुठे आलं ते बघाच, पण कार्डावरचा आकडा कितव्या वेळी घसरला ते आधी तपासा. माझा तिसऱ्या वेळी घसरला होता, आईसमोर.