चोर कळल्यावरही



रहस्यकथेतला चोर कोण, हे शेवटच्या पानांवर कळते. एकदा कळले की कोडे सुटले. मग तेच पुस्तक काही लोक पुन्हा का वाचतात?

उर्दूतील इब्ने सफी यांचे नाव तुम्ही घरी ऐकले असेल. त्यांची 'जासूसी दुनिया' १९५२ साली इलाहाबादहून निघू लागली. आमच्या घरी ही पुस्तके लोखंडी पेटीत होती. सारे कथानक पाठ असूनही माझे अब्बा ती पुन्हा काढून बसत. कॅप्टन हमीद आता कोणती थट्टा करणार, हे ठाऊक असे. तरी ते हसत.

अशीच पुन्हा पुन्हा वाचावी अशी एक मालिका बंगालीतून मराठीत आली आहे. तिचा नायक फेलूदा. बंगालीत 'दा' म्हणजे आपण ज्याला भाईजान म्हणतो तो. प्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय यांनी १९६५ साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात त्याची पहिली गोष्ट लिहिली. १९९२ साली ते वारले, तोवर पस्तीस गोष्टी पूर्ण झाल्या होत्या. त्यांतल्या काही मराठीत अशोक जैन यांनी आणल्या.

फेलूदाजवळ पिस्तूल आहे, पण त्याचा खरा भरवसा डोक्यावर. कुठे जायचे ठरले की तो आधी त्या गावाबद्दलची पुस्तके वाचतो. गोष्ट सांगतो त्याचा धाकटा चुलतभाऊ तोपशे. सोबतीला लालमोहनबाबू. हे स्वतः रहस्यकथा लिहितात आणि त्यांत भलत्याच चुका करून ठेवतात! फेलूदा त्या दाखवतो, पण मैत्री तुटू देत नाही. लखनौच्या एका गोष्टीत औरंगजेबाची अंगठी आहे आणि बडा इमामबाड्याचा भूलभुलैयाही आहे. पण अंगठीपेक्षा ही माणसेच अधिक लक्षात राहतात. दुसरी भाषा शिकणाऱ्याला याचा आणखी एक फायदा होतो. पहिल्या पुस्तकाला मला शब्दकोश लागला, तिसऱ्याला फारसा लागला नाही. माणसे ओळखीची झाली की त्यांची भाषाही ओळखीची होते.

यातली एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रात, वेरूळला घडते. फेलूदाकडे एक दिवस सिधूजेठा येतात. जेठा म्हणजे आपले बडे अब्बा. जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणे जपणारे हे म्हातारे गृहस्थ त्या दिवशी फार संतापलेले असतात. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातील एका यक्षीच्या मूर्तीचे शिर कुणीतरी तोडून विकले आहे. त्यांच्या घरचे काहीही गेलेले नाही. मूर्ती शेकडो मैल दूर. तरी त्यांना स्वस्थ बसवत नाही.

त्या शिराचा माग काढत तिघे वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंत येतात. आठव्या शतकात एकच डोंगर वरून खाली कोरत नेऊन हे मंदिर घडवले. पुढे गोष्टीत पाठलाग आहे, एक मृत्यूही आहे. माझ्या मनात मात्र सिधूजेठांचा राग राहिला. जी वस्तू कुणा एकाची नाही, ती गेली तर नुकसान कुणाचे? चोराचे नाव कळूनही हा प्रश्न सुटत नाही.

ही गोष्ट मी वर्गात वाचून दाखवली. आपल्या जिल्ह्यातील पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले होते. दोन हजार वर्षांहून जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष तेथे सापडले. दान देणाऱ्यांची नावे दगडांवर ब्राह्मी लिपीत कोरलेली होती. हे सांगताच एका मुलीने विचारले, "सर, पवनीचा एखादा दगड कुणी नेला, तर फेलूदा येईल का?"

मी म्हणालो, "बेटी, आधी तो दगड तेथे होता, हे कुणाला तरी ठाऊक असायला हवे."

ईदच्या सुटीत ती पवनीला मामूंकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या वहीत किल्ल्याच्या दरवाजाचे चित्र होते. रेषा वाकड्या होत्या, पण दगड तिने मोजून काढले होते.

स्वाध्याय
१. सिधूजेठा का संतापले होते?
२. 'माणसे ओळखीची झाली की त्यांची भाषाही ओळखीची होते.' स्वतःचा अनुभव लिहा.
३. तुमच्या गावातील एक जुनी वास्तू पाहून या आणि तिच्याविषयी पाच वाक्ये लिहा.